गढीतल्या थोरल्या बाई

प्रयागबाईंना टीव्हीवरच्या बायांचं कौतुक तसं कमीच. मालिकांतल्या सासवा दागिने घालून झोपतात आणि सुना केस मोकळे सोडून पोळ्या लाटतात, हे पाहून त्यांचं डोकं उठायचं. पण हिवाळ्यात एका चॅनेलवर दुपारी तीनला जपानातली एक जुन्या काळची मालिका हिंदीत लागायला लागली आणि त्या तिला चिकटल्या त्या चिकटल्याच. तीनच्या सुमारास धनज गावात कुणी वारलं असतं, तर प्रयागबाई साडेतीननंतरच रडायला गेल्या असत्या.

मालिका होती तिकडच्या सरदारांच्या काळातली. डोंगरावर बर्फात उभी असलेली लाकडी गढी, गढीत एक सरदार घराणं, आणि त्या घराण्याचा सगळा डोलारा एका म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर. नवरा लढाईत गेलेला, पुढे तरणाताठा मुलगाही लढाईतच गेला. मागे राहिल्या त्या दोघी, सासू आणि सून. सगळ्यांची नावं अशी की जीभ वळायची नाही, म्हणून प्रयागबाईंनी आपल्यापुरतं बारसं करून टाकलं होतं. सून झाली सई आणि सासू झाल्या थोरल्या बाई.

थोरल्या बाई म्हणजे प्रयागबाईंचा जीव की प्राण. त्या गुडघे मोडून ताठ बसत, हसत नसत, रडत तर मुळीच नसत. दारात शत्रूचा माणूस आला तरी आधी त्याला चपला बाहेर काढायला लावत आणि मग बोलत. "बाई असावी तं अशी," प्रयागबाई म्हणायच्या, आणि आपणही पाठ सरळ करून बसायच्या. गुडघ्यांना ते मानवायचं नाही, हा भाग वेगळा.

शेजारी सून वैभवी बसायची. मुलगा पवन मोटरसायकलच्या अपघातात गेला तेव्हापासून या घरातही दोघीच होत्या. मालिकेतलं आणि आपलं इतकं सारखं कसं, हे दोघींपैकी कुणीच बोलून दाखवलं नव्हतं. वैभवी तीनच्या आधी चहा करून आणायची, आवाज मोठा करायची आणि अवघड हिंदी आलं की सासूला हळूच समजावून सांगायची. पोरगी गुणाची होती, याबद्दल प्रयागबाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती भिंतीपलीकडच्या जावेबद्दल.

दोन्ही घरांच्या अंगणांमध्ये एक बुटकी भिंत होती, कमरेइतकी. पलीकडे धाकटी जाऊ भागिरथा आणि तिचा नवरा उकंडराव राहायचे. उकंडराव दोन्ही घरांची शेती पाहायचा आणि कुणाच्या मधात पडायचा नाही. दिवाळीत भागिरथाने आपल्या भाच्याचं स्थळ वैभवीसाठी आणलं. भाचा राजपाल मंगरूळपीरला असतो, बियाणं-खताचं दुकान आहे, बायको आजारपणात गेलेली, माणूस शांत. भागिरथाने हे सगळं सरळ मनाने सांगितलं आणि प्रयागबाईंच्या अंगाची लाही लाही झाली.

"आपल्या घरान्यात पाट लागत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "मी बत्तीस वर्साची असतानी हे गेले. मी नाही काढले दिवस?"

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. बाकी लोकांत तो पूर्वीपासून लागायचा, पण कसा, तर दिवस मावळल्यावर, मागच्या दाराने, वाजंत्री नाही की मंगलाष्टकं नाहीत. सवाष्णींनी दुसऱ्या सकाळपर्यंत त्या बाईचं तोंडसुद्धा पाहायचं नाही. आणि प्रयागबाईंच्या सासरची मंडळी एकेकाळची पाटीलकीवाली. पाटीलकी गेली, जमीन वाटण्यांमध्ये विरली, ताठा तेवढा वाटणी न होता शिल्लक राहिला होता. वैभवीला विचारलं तेव्हा ती खाली पाहून म्हणाली, "आई म्हनतीन तसं." नाही म्हणायला तिला कुणी अडवलं नव्हतं, आणि तरी ती नाही म्हणाली नव्हती. हे प्रयागबाईंना टोचलं होतं, पण जावेवर रागावणं सोपं होतं, म्हणून त्या जावेवर रागावल्या.

तेव्हापासून दोघी जावांचा अबोला होता. आता अबोला म्हणजे गप्प बसणं असं जो समजतो, त्याने आमच्या वऱ्हाडातला अबोला पाहिलेला नाही. भागिरथाला काही सांगायचं असलं की ती दावणीच्या शेळीशी बोलायची. "चांदने, आज नळ येनार नाही म्हंते, भरून ठेव बापा पानी." मग प्रयागबाई भिंतीवरच्या कावळ्याला सुनवायच्या, "आमी भरलं सकायीच, आमाले नको सांगू." शेळी आणि कावळा यांच्यात असा संसार सुरळीत चालला होता. फक्त एकमेकींच्या ओट्यावर बसणं तेवढं बंद झालं होतं, आणि तेच दोघींना सगळ्यात जड जात होतं.

फाल्गुनातल्या एका दुपारी वैभवी बचत गटाच्या बैठकीला गेली होती. प्रयागबाई एकट्याच टीव्हीपुढे होत्या. त्या दिवशी गढीत कसलीतरी गंभीर तयारी चालली होती. थोरल्या बाईंनी लाकडी पेटी उघडली आणि आतून एक शुभ्र वस्त्र काढलं. एक ठिपका नाही, एक काठ नाही, नुसतं पांढरंफटक. सईला समोर उभं केलं. आपल्या हाताने ते वस्त्र तिला नेसवलं, बांधलं, आणि वर तसंच पांढरं मोठं आच्छादन तिच्या डोक्यावरून चेहऱ्यापर्यंत ओढलं. सईच्या डोळ्यांतून घळघळा पाणी. थोरल्या बाईंची मान ताठ, पण हनुवटी थरथरत होती. आणि लाइन गेली.

चौकातल्या डीपीतून धूर निघाला म्हणे. रोहित्र जळालं नव्हतं, पण प्रयागबाईंच्या बाजूची फेज बसली ती बसली. भागिरथाचं घर दुसऱ्या फेजवर होतं, तिकडे पंखे फिरत होते.

प्रयागबाई अंधाऱ्या टीव्हीपुढे कितीतरी वेळ बसून राहिल्या. त्यांना पुढचं पाहायची गरजच वाटली नाही. पुढचं त्यांना पाठ होतं. नवरा गेल्यावर त्यांच्या सासूने असंच पेटीतून बिनकाठाचं पांढरं लुगडं काढलं होतं, असंच आपल्या हाताने डोक्यावरून ओढलं होतं. "आता हे घर तुह्यं, आन् तू या घराची," सासू म्हणाली होती. तिची हनुवटी थरथरली होती का, हे प्रयागबाईंना आठवेना, कारण लुगड्याच्या आतून त्यांना काही दिसत नव्हतं. पण आज जपानातही तेच होतं, म्हणजे ते बरोबरच असणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या आयुष्याला शाबासकी दिल्यासारखं त्यांना झालं आणि त्या पोटभर रडल्या.

फेज काही लवकर सुधरेना. वायरमन यायचा, वर पाहायचा आणि साहित्य आणतो म्हणून जायचा. मालिका बुडत होती, पण प्रयागबाई ओट्यावर बसून तूर निवडत आल्यागेल्याला तोच एक एपिसोड सांगत होत्या.

"सासूनं सोता नेसवलं, आपल्या हातानं. पोरगी रडली, पन एका शब्दानं नाही म्हनली नाही. याले म्हंतेत घरानं. पाहा, तिकडचे लोक कसे रीत पाळतेत." एवढं बोलून त्या भिंतीकडे नजर टाकायच्या.

बाया माना हलवायच्या. वैभवी घरातून बाहेर यायची, सूप उचलायची आणि आत जायची. ती या दिवसांत फारच गप्प झाली होती. मोबाइल चार्ज करायला ती काकूंकडे जाऊन बसायची, कारण अबोला जावांचा होता, सुनेचा नव्हता.

चौथ्यांदा की पाचव्यांदा ही कथा चालू होती, तेव्हा भिंतीपलीकडे भागिरथा शेळीला पाला टाकत होती. तिने हातातला पाला खाली ठेवला.

"चांदने," ती म्हणाली, "ते लगन व्हतं व."

ओट्यावरच्या बाया थांबल्या. प्रयागबाईंनी कावळा शोधला, पण आज कावळाही जागेवर नव्हता.

"त्या देशात नवरी पांढरं नेसते, चांदने," भागिरथा शेळीकडेच पाहत म्हणाली. "पोरीचं दुसरं लगन लावून देल्लं सासूनं. आमच्या इकडे लाइन व्हती. मी सारं पाह्यलं."

ओट्यावरच्या एकीला हसू आलं, ते तिने पदरात दाबलं. बायांना एकाएकी आपापल्या चुली आठवल्या आणि ओटा रिकामा झाला. प्रयागबाई सूप घेऊन आत आल्या. वैभवी भांडी विसळत होती.

"भागिरथा म्हंते ते खरं हाय काय?"

वैभवीने हात पुसले. "हो, आई."

"तुले कसं मालूम?"

"मी तिकडं चार्जिंगले गेली व्हती तवा मागचं परत दाखवून राह्यले व्हते."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

वैभवीने ओली भांडी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "तुमी लय खूश व्हत्या. आन् मी कोन्या तोंडानं सांगू? माह्याच लग्नाचं मागून राह्यली असं नसतं का वाटलं तुमाले?"

उत्तर सुचत नाही तेव्हा माणूस पुरावा मागतो. प्रयागबाईंनी मागितला. वैभवीने मोबाइलवर तो भाग शोधून काढला आणि दोघी डोक्याला डोकं लावून त्या बोटभर पडद्यात पाहत बसल्या.

पांढरं आच्छादन डोक्यावर आलं. तिथपर्यंतचं प्रयागबाईंचं पाठ होतं. मग थोरल्या बाईंनी सईचा हात धरला आणि तिला चालवत बाहेर आणलं. बाहेर लख्ख ऊन होतं, बर्फ चमकत होता. गढीचा मोठा दरवाजा, जो सरदार लढाईला निघतानाच उघडायचा, तो दोन्ही फळ्यांनी उघडला होता. पलीकडे पालखी होती आणि पालखीशेजारी एक साधासा माणूस मान खाली घालून उभा होता. सई वळली. आणि थोरल्या बाई, ज्या शत्रूपुढे वाकल्या नव्हत्या, त्या आपल्या सुनेपुढे गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं.

"बंद कर ते," प्रयागबाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी फेज आली. तीन वाजता वैभवीने चहा केला, पण टीव्ही लावला नाही, आणि प्रयागबाईंनीही लाव म्हटलं नाही. थोरल्या बाईंनी त्यांना चारचौघांत तोंडघशी पाडलं होतं. ज्यांच्या बळावर इतके दिवस पाठ ताठ ठेवली, त्यांनीच ऐनवेळी पाठ वाकवली, हा दगा त्यांना सोसेना. त्या दुपारभर धुसफुसत राहायच्या आणि राग काढायला समोर कुणी नसायचं. जपान फार लांब होतं.

चैत्र लागला. कुरडया घालायच्या म्हणून त्यांनी जुनी लुगडी काढायला पेटी उघडली आणि तळाशी ते पांढरं लुगडं हाताला लागलं. सासूने दिलेलं. पवनला कळायला लागल्यावर तो म्हणाला होता, "आई, हे नको नेसत जाऊ, मले भेव वाटते." तेव्हापासून ते घडी घालून पडलं होतं. प्रयागबाईंनी घडी मोडली. बाहेर वैभवी गव्हाचा चीक हाटत होती, चुलीच्या धुराने डोळे बारीक करून. तिच्या अंगावर निळी साडी होती, डोक्यावर पदरही नव्हता. तरी प्रयागबाईंना ती त्या लुगड्याखाली दिसली. पवन गेल्यापासून आपण हेच तर तिच्या डोक्यावरून ओढत आलो आहोत, हे त्यांना तिथे, पेटीपुढे बसल्या बसल्या लख्ख कळलं. नुसतं कापड वापरलं नाही, एवढंच.

त्यांनी लुगडं बाहेर नेलं आणि अंगणात, भिंतीला लागून, बाजेवर पसरलं. त्यावर सोऱ्याने कुरडया पाडायला घेतल्या. पलीकडून भागिरथा पाहत होती. ते लुगडं तिने ओळखलं. नवी नवरी म्हणून ती या घरात आली होती, तेव्हा थोरली जाऊ तेच नेसून दाराआड उभी होती. शुभकार्यात पुढे यायची तिला मुभा नव्हती.

भागिरथाने शेळीकडे पाहिलं, पण शेळीला काही सांगितलं नाही.

"बाई," ती सरळ म्हणाली, "हे तं सासूबाईनं देल्लेलं लुगडं."

"हो," प्रयागबाई म्हणाल्या. "कुरड्यांले बरं हाय."

"एवढ्या साऱ्या कुरड्या कोनाले?"

"रुखवतात लागतीन ना."

भागिरथा भिंतीला धरून उभी राहिली. प्रयागबाई सोऱ्या फिरवत राहिल्या. वर पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं, म्हणून त्या कुरडईकडे पाहतच बोलल्या.

"घरानं-बिरानं काही नाही, भागिरथे. ते मी तोंडानं म्हनून राह्यली व्हती. मले भेव वाटे. वैभवी गेली का दिवसभर या घरात भांडंसुदा वाजनार नाही. पवन गेला तवा मी मेली असती, या पोरीनं मले जित्तं ठेवलं. आन् मी तिले इथं बसवून ठेवली, माह्यासाठी."

"मले समजत नव्हतं काय?" भागिरथा म्हणाली. "म्हनून तं रागावली नाही मी."

"सहा महिने बोलली नाही, आन् म्हंते रागावली नाही."

"तुमी बोलल्या नाही. मी तं रोज बोलत व्हती." भागिरथाने शेळीकडे बोट दाखवलं, आणि दोघींनाही हसू आवरेना. हसता हसता प्रयागबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मग त्यांनी पाठ सरळ केली. "तुह्या भाच्याले सांग. पन माही एक अट हाय. दिवस मावळल्यावर नाही, मागच्या दारानं नाही. भर दिवसा नेजो म्हना, बाजा लावून, मोठ्या दारानं. मी सोता उभी राहीन."

वैशाखात लग्न झालं. गावात थोडी कुजबुज झाली, ती जेवणाच्या पंगतीपर्यंत टिकली आणि वांग्याच्या भाजीसोबत पोटात गेली. वैभवीची साडी प्रयागबाईंनी मंगरूळपीरला जाऊन स्वतः घेतली, हिरवीगार, चांगली रुंद जरीची. दुकानदार जमशेदभाईंनी आधी मोतिया रंगाची एक पुढे केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "पांढऱ्याकडे झुकनारं काही दाखवूच नका." निघायच्या वेळी दुपारचं ऊन अंगणात भरलं होतं. दाराच्या दोन्ही फळ्या उघड्या होत्या. वैभवी पाया पडायला वाकणार, त्याआधी प्रयागबाई खाली बसल्या. गुडघ्यांनी नको म्हटलं तरी बसल्या, आणि त्यांनी सुनेच्या पावलांपुढे डोकं टेकवलं. नवरदेव राजपालने गोंधळून चपला काढल्या. वैभवी खाली बसून सासूच्या गळ्यात पडली आणि पवन गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडली. हे जपानातून आलं आहे, हे तिथे फक्त तिघींना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी घर तसंच झालं, जसं होईल म्हणून त्या भ्याल्या होत्या. सकाळ गेली. स्वतःपुरती भाकर थापताना पीठ किती घ्यावं ते कळेना. मंगरूळपीरहून वैभवीचा फोन आला, पोचल्याचा, जेवल्याचा, दुपारी मालिका पाहाजा म्हणून सांगण्याचा. तीनला प्रयागबाईंनी चहा केला, तो दोन कप झाला. टीव्ही लावला. गढी दिसली, बर्फ दिसला, आणि लाइन गेली.

त्या तशाच बसल्या. एवढ्यात भिंतीवरून आवाज आला.

"बाई, माह्या इकडे लाइन हाय. या लवकर, सुरू झालं."

भिंतीच्या या बाजूला भागिरथाने एक स्टूल आणि त्या बाजूला दुसरं लावून ठेवलं होतं. फाटकातून वळसा घालायचा तर अर्धा एपिसोड गेला असता. प्रयागबाईंनी दोन्ही कप भिंतीवर ठेवले, लुगडं सावरलं आणि एका हाताने भिंत, दुसऱ्याने जाऊ धरून पलीकडे उतरल्या. शेळीने मान वर करून पाहिलं.

टीव्हीवर थोरल्या बाई एकट्या होत्या. सई गेली होती, एवढी मोठी गढी रिकामी होती. त्या ताठ बसून बाहेरच्या बर्फाकडे पाहत होत्या आणि पुढ्यात चहाचा एक पेला होता. प्रयागबाईंनी सोबत आणलेल्या दोन कपांतला एक भागिरथाकडे सरकवला.

"इले एकही जाऊ नाही वाटते," त्या म्हणाल्या.

भागिरथाने टीव्हीचा आवाज थोडा मोठा केला आणि चहा प्यायला घेतला.